दार उघडताना

दार उघडलं तेव्हा श्यामकांतच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं, आणि पुढे कितीतरी दिवस त्याला छळलं ते ह्याच गोष्टीनं. राग नव्हता, घाई नव्हती. कलकत्त्यात दुर्गापूजेची सुट्टी संपून ऑफिसं उघडली होती, हवेत किंचित कोरडेपणा आला होता, आणि बायकोनं, शकुननं, लोकर आणायला सांगितली होती; म्हणून गडियाहाटच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या कडेला त्यानं आपली जुनी अॅम्बॅसडर उभी केली, किल्ली खिशात टाकली, उजव्या हातानं कडी ओढून कोपरानं दार ढकललं, आणि दाराच्या कडेपाशी हवेत काहीतरी हललं. एक निळ्या काठाची साडी, एक हॅंडल, एक चेहरा. चेहरा इतका जवळ, की भुवईवरचा घाम दिसला. दार तिला लागलं नाही. ते चुकवायला तिनं हॅंडल उजवीकडे वळवलं आणि सायकलचं पुढचं चाक ट्रामच्या रुळाच्या खाचेत गेलं. खाचेत गेलेलं चाक मग चालवणाऱ्याचं ऐकत नाही. ती आडवी झाली. मागून ट्रामची घंटा वाजत होती, ड्रायव्हर पायानं दाबतो ती, न थांबता. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा लांबलचक आवाज, आणि मग सगळंच गप्प. ट्रामचं नाक आणि आडवी पडलेली सायकल ह्यांच्यामध्ये एखाद्याला सतरंजी टाकता आली असती एवढीच जागा उरली होती. श्यामकांत अजून दाराची कडी धरून उभा होता. घाबरलेला माणूस आपल्या भाषेत बोलतो, "लागलं का हो?" असं त्यानं मराठीतच विचारलं. ती उठून बसली, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "माझा सायकल तुटला?" एवढ्या गोंधळातही ते 'माझा' त्याच्या कानाला खुपलं आणि त्याला कळलं, की ही मुलगी मराठी आहे, पण इथलीच, कलकत्त्यात वाढलेली.

माणसं जमली. ह्या शहरात ती कुठून जमतात हे चार वर्षांत त्याला कळलं नव्हतं. लोक आता आपल्यावर ओरडतील, गाडीच्या काचेवर हात मारतील, म्हणून तो अंग चोरून वाट बघत होता. पण धोतर नेसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बंगालीत समजावलं, की तुमचा काय इलाज होता, असल्या रस्त्यावर बाईमाणसानं सायकल काढायचीच कशाला. दुसरा कुणीतरी म्हणाला, खरं आहे. ट्रामचा ड्रायव्हर खाली उतरला होता, त्यानंही मान हलवली. आणि श्यामकांतला बरं वाटलं. क्षणभरच, पण चांगलं स्वच्छ बरं वाटलं, उन्हातून आल्यावर पाठीवर पंख्याचा वारा यावा तसं. पुढे त्याला पडण्यापेक्षा, घंटेपेक्षा, त्या मनगटापेक्षाही हेच पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की आपल्याला तेव्हा बरं वाटलं होतं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, त्यानं तिला गाडीतून घरी नेलं, सायकल एका हमालाकरवी मागून आली. तिचं नाव कालिंदी. मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले ते इथलेच झाले. बालीगंज स्टेशनाजवळ पहिल्या मजल्यावर घर, आईवडील गेलेले, घरात ती आणि तिच्याहून बराच मोठा, लग्न न केलेला भाऊ दिगंबर. दिगंबरनं बहिणीला खुर्चीत बसवलं, प्लास्टरखाली उशी दिली आणि मग श्यामकांतचे आभार मानायला सुरुवात केली. अपघात बघून माणसं पुढे निघून जातात, तुम्ही थांबलात, डॉक्टरकडे नेलंत, घरी आणलंत. तो खरोखर हेलावला होता. त्यानं चहा केला, बशीत संदेशाची मिठाई ठेवली, आणि सांगितलं की हिला मी किती वर्षं सांगतोय, आता पुरे झालं, ती सायकल ह्या आठवड्यात कुणालातरी देऊन टाकतो. जिना चढताना कालिंदी भावाला एवढंच म्हणाली होती, की मी पडले. आता तिनं एकदा श्यामकांतकडे पाहिलं. नजरेत तक्रार नव्हती, मागणी नव्हती. समोरचा माणूस काय करतो ते बघावं एवढंच तिच्यात होतं. श्यामकांतनं चहा संपवला, काळजी घ्या म्हणाला, आणि खाली उतरला.

तो पुण्याचा होता. शाळेपासून लग्नापर्यंत आणि लग्नानंतरही काही वर्षं त्याचे पाय जमिनीपेक्षा पायडलवरच जास्त टेकले असतील. त्या वयात त्याच्या पाठीला कान होते. मागून टांगा येतोय की बस, मोटार पेठेतल्या डॉक्टरांची आहे की परगावची, ती बाजूनं जाणार की अंगावर घालणार, हे वळून न बघता पाठीला समजायचं, आणि मान आपोआप खांद्यात जायची. मोटारवाले नावाची एक वेगळी जात आहे अशी त्याची आणि त्याच्या मित्रांची खात्री होती. एकदा कॉलेजातून परतताना एका मोटारीनं त्याला इतकं कडेला रेटलं, की तो गटाराच्या काठावर पाय टेकून थांबला, आणि पुढच्या चौकात ती मोटार अडकलेली दिसताच त्यानं तिच्या टपावर सगळ्या तळव्यानिशी थाप मारली. पत्रा उन्हानं तापलेला होता. हात भाजला, पण तो आवाज काय सुंदर आला होता. आत बसलेल्या माणसानं मान वळवून पाहिलं तेव्हा त्या माणसाच्या तोंडावर संताप नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. ह्या जागी सायकलवर कुणीतरी होतं ह्याचंच आश्चर्य. तोच चेहरा आता श्यामकांत रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत होता. भूगर्भ खात्यात बढती मिळाली, बदली होऊन कलकत्त्याला आलो, गाडी घेतली. ह्यात नेमक्या कुठल्या दिवशी पाठीचे कान गेले? तसा दिवस त्याला सापडेना. दगडांचे थर वाचणं हा त्याचा धंदा होता. कुठला थर कधी साचला ते तो तुकडा हातात घेऊन सांगायचा, आणि स्वतःवर एवढं जाड काय साचलंय, कधीपासून, हे त्याला सांगता येत नव्हतं.

ऑफिसात त्यानं विषय काढून पाहिला. सगळ्यांनी त्याला निर्दोष सोडलं. रस्ते अरुंद, त्यात खणून ठेवलेले, सायकलवाल्यांना शिस्त नाही, वर बाई. जो तो त्याच्या बाजूनं बोलत होता आणि त्याला त्या बाजूला उभंच राहता येत नव्हतं. दार उघडायची मात्र भीती बसली. गाडी थांबवली की उजवा हात कडीवर जायचा आणि तिथंच राहायचा. मागचं वाहन जाऊ दे, त्यामागचं जाऊ दे, असं करता करता तो घाम येईपर्यंत आत बसून राहायचा. एकदा बॅंकेसमोर असाच बसलेला असताना उजव्या हातात फायली होत्या म्हणून त्यानं डावा हात छातीवरून पलीकडे नेऊन कडी ओढली, आणि तसं करताना त्याचे खांदे आपोआप वळले, मान वळली, आणि मागचा सबंध रस्ता डोळ्यांसमोर आला. फूटपाथलगत कलंडलेली हातगाडी, शहाळी लटकवलेली एक सायकल, तिच्यामागे आणखी एक. तो थांबला. दोन्ही सायकली गेल्या. मग तो उतरला. इतकी सोपी गोष्ट होती, की त्याला हसूही येईना.

तेव्हापासून तो तसंच दार उघडू लागला, आणि शकुननं ते बाजारात पाहिलं. ती आधीच उतरून पिशवी हातात घेऊन उभी होती, आणि आपला नवरा पोटावरून हात आडवा टाकून, अंग पिळून दार उघडतोय हे बघून तिनं विचारलं, कंबर धरली का. घरी आल्यावर त्यानं सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत ऐकत होती. तीही पुण्याचीच, लग्नाआधी दोघं पर्वतीच्या रस्त्यावर सायकली जोडीनं चालवायची तेव्हा तो वाहनांच्या बाजूला असायचा, ती आतल्या बाजूला.

"हे तिच्या भावाला ठाऊक आहे?" तिनं विचारलं.

तो तिच्या पुढ्यातली एक शेंग उचलून सोलू लागला.

"म्हणजे सायकल उगाच बदनाम झाली," शकुन म्हणाली, "आणि तुम्ही चहा पिऊन आलात."

रविवारी सकाळी ती दोघं बालीगंजला गेली. जिन्याखाली कालिंदीची सायकल भिंतीला टेकून उभी होती. पुढच्या चाकाचे काही आरे मोडलेले, रिम वाकडी होऊन पार आऊट झालेली, चेनकव्हरवर रुळाची काळी रेघ. वर दिगंबरनं पुन्हा तसंच अगत्यानं स्वागत केलं, आणि सायकल घ्यायला दुपारी ओळखीतला एक माणूस यायचा आहे हेही बोलता बोलता सांगितलं. कालिंदी खिडकीपाशी डाव्या हातानं मुलींच्या वह्यांवर सह्या करत होती. सह्या लहान मुलाच्या अक्षरासारख्या येत होत्या. श्यामकांतनं बरंच काही मनाशी जुळवून आणलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही, आणि तेच बरं झालं.

"ती आपली आपण पडली नाही," तो म्हणाला. "मी न बघता दार उघडलं. माझ्या दारापासून वाचायला गेली म्हणून रुळात अडकली. चूक सायकलची नाही, माझी आहे. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

दिगंबरनं हातातली बशी खाली ठेवली. त्यानं बहिणीकडे पाहिलं, ती वहीकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्यावरून एक राग वर आला आणि सभ्यपणानं खाली गेला, हे श्यामकांतला दिसलं. मग दिगंबर म्हणाला, "तुम्ही सांगितलंत हे चांगलं केलंत, श्यामकांतराव. पण उद्या दुसरं कुणी दार उघडेल. तो काही रविवारी घरी येऊन सांगणार नाही."

माफी मागितली की काहीतरी सुटेल अशी श्यामकांतची समजूत होती, आणि माफी तर मागून झाली होती, पण खाली सायकल तशीच उभी होती आणि दुपारी तो माणूस यायचाच होता. बोलली ती कालिंदी. मराठी शब्द शोधत, मध्येच बंगालीत शिरून परत येत ती म्हणाली, "म्हणून तर मी दाराचं सांगितलं नाही, काका. सांगून काय होणार? दादा म्हणणार, दार तर उघडणारच, तू जाऊ नको. दार सगळ्यांचा आहे. सायकल एकटा माझा."

शकुननं तिला विचारलं, की मग आता शाळेत कशी जातेस. बसनं, ती म्हणाली. शकुन तिच्याकडे बघत राहिली, आणि कालिंदीनं मान खाली घातली. सकाळच्या त्या बसमध्ये दारापासून आत सरकेपर्यंत काय सोसावं लागतं हे त्या खोलीतल्या दोन बायकांना ठाऊक होतं, आणि श्यामकांतच्या लक्षात आलं की दिगंबरलाही ते ठाऊक आहे. ठाऊक असूनच तो गप्प होता, कारण एका बाजूला ती बस होती आणि दुसऱ्या बाजूला तो रूळ, आणि ह्या दोहोंतून बहिणीसाठी एक निवडायचं त्याच्यावर आलं होतं. रागीट, हट्टी भाऊ म्हणून मनात रंगवलेला माणूस श्यामकांतच्या डोळ्यांदेखत पुसला गेला आणि तिथं एक दमलेला, भ्यालेला माणूस उरला. सायकल द्यायची का नाही हे प्लास्टर निघाल्यावर बघू, असं शेवटी दिगंबर म्हणाला. तोवर चाक तरी सरळ करून आणतो, असं म्हणून श्यामकांतनं ती सायकल खाली उतरता उतरता ताब्यात घेतली.

रेल्वेच्या फाटकापलीकडे कसबा नावाच्या वस्तीत एक सायकलचं दुकान होतं. नवे आरे घालून, रिमचा आऊट काढून सायकल तयार झाली त्या संध्याकाळी ती आणायला श्यामकांत चालत गेला, आणि हातात हॅंडल धरून परत निघाला. थोडं अंतर गेल्यावर त्याला वाटलं, बसून बघावं. लेडीज सायकल, सीट खाली. गुडघे बाहेर काढून पायडल मारणारा चष्मा लावलेला सुटातला माणूस बघून फूटपाथवरची माणसं हसली, पण त्याला ते जाणवलंच नाही. त्याला जाणवत होती ती पाठ. इतक्या वर्षांनी ती जागी झाली होती आणि भेदरली होती. डावीकडे ओळीनं उभ्या गाड्या, उजवीकडून जाणाऱ्या बसेस, आणि मधे एक पट्टी. दाराच्या रुंदीएवढं अंतर गाड्यांपासून ठेवावं तर बस अंगावर येते, बसपासून सरकावं तर दाराच्या टप्प्यात येतो. त्या पट्टीतून ती मुलगी रोज भूगोल शिकवायला जात होती. प्रत्येक उभ्या गाडीच्या मागच्या काचेतून तो आत डोकं दिसतंय का ते बघू लागला. डोकं दिसलं की पायडल थांबायचं, रिकामी गाडी आली की पुन्हा फिरायचं. मागून एक मोटार कर्कश भोंगा वाजवत आली आणि त्याच्या कोपराला चाटून गेली. जुना संताप तळव्यात उतरला, हात उगारलाही गेला. पण जाताना त्यानं त्या चालवणाऱ्याचा चेहरा पाहिला. बिचारा घरी चालला होता. शेजारी मिठाईचा खोका होता. तो दुष्ट नव्हता, त्याच्या मनात काही नव्हतं. आणि हे बघून श्यामकांतचा राग जितका गेला तितकीच त्याची धास्ती वाढली. दुष्टपणावर पहारा ठेवता येतो. रिकाम्या मनावर कोण ठेवणार? ज्याचं त्यानंच तिथं कुणालातरी बसवायला हवं, रोज, दर वेळी, किल्ली काढताना.

सायकल परत करताना त्यानं दिगंबरला ह्यातलं काहीच नीट सांगितलं नाही. मी चालवत आणली, एवढंच म्हणाला. दिगंबर त्याच्या पॅंटच्या टोकाला लागलेल्या ग्रीसकडे बघत राहिला. मग त्यानं एकदम विचारलं, की भीती वाटली का. श्यामकांत म्हणाला, हो, खूप. दिगंबरला त्या उत्तरानं का कोण जाणे धीर आल्यासारखा दिसला. ज्या गोष्टीला तो एकटा भीत होता तिला आणखी कुणीतरी भ्यालं होतं.

प्लास्टर निघालं तेव्हा थंडी पडली होती. शकुननं कालिंदीला मनगटासाठी लोकरीचा पट्टा विणून दिला आणि बातमीही तिनंच आणली, की गेले दोन रविवार सकाळी बालीगंजजवळच्या सरोवराच्या काठच्या रस्त्यावर दिगंबर बहिणीच्या सायकलमागे कॅरियर धरून पळतोय. चाळिशीला आलेला माणूस, धापा टाकतो, मफलर सुटून गळ्याशी लोंबतो, तरी सोडत नाही. लहानपणी तिला शिकवताना असाच पळायचा म्हणे. परवाच्या रविवारी अर्ध्या रस्त्यात त्यानं हात सोडला हे तिला कळलंही नाही, आणि कळल्यावर ती थांबली नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी श्यामकांत ऑफिसला निघाला होता. मुख्य रस्ता पाइपांसाठी खणलेला, म्हणून सगळी वाहनं एका शाळेमागच्या गल्लीतून वळवलेली. गल्ली जेमतेम एका गाडीची. दोन्ही बाजूंना पुसून पुन्हा रंगवलेल्या घोषणांच्या भिंती, भिंतींना लागून उघडी गटारं, नळावर भांडी घासणाऱ्या बायका. त्यानं वळण घेतलं आणि समोर पाठमोरी कालिंदी होती. पदर खोचलेला, मनगटावर तो पट्टा, सायकल गल्लीच्या मधोमध. कडेला जाऊन कुणाला वाट करून देण्याइतकी जागाच नव्हती. कडेला गटार होतं. श्यामकांतचा अंगठा सवयीनं भोंग्यावर गेला आणि त्यानं तो उचलून घेतला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, मग पहिल्यात. तिच्या आणि बॉनेटच्या मधे त्यानं एक अख्खी सायकल पडू शकेल आणि तरी काही होणार नाही एवढी जागा सोडली, आणि त्या अंतरानं चालू लागला. त्याच्या मागे टॅक्सी होती, तिच्यामागे शाळेची बस, त्यामागे आणखी काय काय. भोंगे सुरू झाले. टॅक्सीवाल्यानं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून नाक घालून पाहिलं. श्यामकांतनं गाडी मधोमध ठेवली. मागची सगळी गल्ली आपल्याला शिव्या घालतेय हे त्याच्या पाठीला स्पष्ट ऐकू येत होतं. पुढे तिची मान खांद्यात गेलेली त्याला दिसली. भोंगे तिलाही ऐकू येत होते. आता ती घाबरून जोरात पायडल मारेल, किंवा गटाराकडे सरकेल, असं त्याला वाटलं, आणि त्यानं खिडकीतून उजवा हात सबंध बाहेर काढला, तळवा खाली करून मागच्यांसाठी सावकाश वरखाली हलवू लागला. सावकाश. सावकाश. गाडी शिकताना दिलेल्या परीक्षेनंतर हा इशारा त्यानं कधी केला असेल तर त्याला आठवत नव्हता. हात थंडीनं गारठला, तरी तो हलवत राहिला. टॅक्सीचा भोंगा आणखी एकदा वाजला आणि थांबला. मग मागच्यांचे एकेक करून थांबले, कंटाळून की समजून, कुणास ठाऊक. आरशात त्याला दिसलं, की टॅक्सीवाल्यानंही कोपर खिडकीबाहेर टाकून हात तसाच वरखाली करायला सुरुवात केली आहे, थट्टेनं असेल, पण शाळेची बस त्याच्या मागे अंतर राखून येत होती.

कालिंदीचे खांदे हळूहळू खाली आले. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मागे कुणाची गाडी आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते तिला कळावं असं श्यामकांतला मुळीच वाटेना. ती आपल्या चालीनं पायडल मारत होती, जोरात नाही, कडेला नाही, रस्ता जितका सगळ्यांचा तितका माझाही आहे अशा बेतानं. आणि तिच्यामागे मोटार, टॅक्सी, मुलांनी भरलेली बस, अशी अख्खी गल्ली तिच्या वेगानं उजेडाच्या दिशेनं चालली होती.